खांद्याचं देणं

—अठ्ठ्याहत्तर साल. उन्हाळा, मे महिना. तू जन्मलाही नव्हतास. बस, भिंतीला टेकून बस. माझ्या तोंडाकडे बघू नकोस, दात माझा पडलाय, मी थुंकतो. तू दारू सोडलीस तेव्हापासून आठवडाभर रोज येतो, तुझा मार खातो, जातो. बोललो काही? नाही. आज तूच विचारलंस, काका, तुम्ही हात का उचलत नाही. लोहाराचा हात आहे हा, म्हातारा झाला तरी. एक दिली तर उठणार नाहीस. नाही देत. का, ते सांगतो. एकदाच.

त्या साली डॉक्टर मला म्हणाला, आणखी प्यायलास तर मरशील. सोडली. लोकांना वाटतं, दारू सुटली की माणूस शहाणा होतो — होतो का? तू झालास? प्यायलेला मी गरीब गाय होतो. दोन गाणी म्हणायची आणि भट्टीशेजारी आडवं व्हायचं. सोडली आणि जनावर झालो. हात असे थरथरायचे की सांडशीत लोखंड राहीना — घाम — झोप नाही — भिंतीवर मुंग्या दिसायच्या, नसलेल्या, त्यांना मारायला मी भिंतीवर घण घातला. भिंत पडली. मग भांडी. मग माझी बायको, तुझी आत्या. तिला उजव्या कानानं ऐकू येत नाही ना, ते काही वय झालं म्हणून नव्हे. ते — ते राहू दे. ते सांगायचं नव्हतं.

तिनं काय केलं? स्वतः गुत्त्यावर गेली, बाटली आणली, माझ्यापुढे ठेवली. "घ्या. प्यायलेला नवरा बरा होता." तुझी बायको आत्ता दाराबाहेर पिशवी घेऊन उभी आहे. पिशवीत काय आहे ते मला कळतं. तिला शिव्या देऊ नकोस. तिला घाबरून घाबरून कंटाळा आलाय.

तेवढ्यात तुझा बाप आला. हमाल माणूस, रेड्यासारखा खांदा. बाटली उचलली, ऐरणीवर फोडली. "ताई, तू आत जा, कडी लाव." मग मला म्हणाला, "दाजी, मारायचंय ना? मला मारा. काम सुटलं की रोज येतो. तिला हात लावलात तर भट्टीत घालीन."

आणि आला. रोज. मी लाथा घातल्या, बुक्क्या घातल्या, हा उभाच. वर चेष्टा — "काय दाजी, आज जेवला नाहीत वाटतं!" म्हणून मी घणाचा दांडा घेतला. खांद्याचं हाड मोडलं. तुला सांगितलंय ना, शिडीवरून पडला म्हणून? शिडी कुठली. मी होतो. त्या खांद्यावर पुन्हा पोतं चढलं नाही, मरेपर्यंत डाव्यावरच वाहिलं त्यानं. आणि दुसऱ्या दिवशी? हात गळ्यात बांधून हजर! "दाजी, डावा शिल्लक आहे." मी दांडा उचलला — आणि हात खालीच येईना. बसलो तिथंच, मातीत. तुझ्या आत्यानं लांबूनच ताट सरकवलं. खाल्लं. म्हणालो, मीठ कमी आहे. तर ती रडायला लागली. कित्येक दिवसांनी जिभेला चव आली होती माझ्या.

माफी? नाही मागितली. मला येत नाही मागायला. तो गेला, राहिलंच.

झालं सांगून. ऊठ. दोनच गोष्टी आहेत — दार उघडं आहे, जा, ती पिशवी घे. नाहीतर मी इथं उभा आहे. ऊठ पैलवान! मार. — मार की! — हा कसला? यानं माशी मरायची नाही. बापाचं नाव घालवतोस. पुन्हा. — अरे, हे काय? हा मार नव्हे. धरलंयस तू मला. सोड, गुंडी तुटेल — सोड म्हणतो ना —

नाही सोडत?

बरं. धर.

तुझ्या बापाचं देणं फिटलं.