ट्रेबल पार शेवटाला

मौला : आणि ह्यो घ्या रिमोट. आता माझा जुना अँप्लिफायर काढा खाली.

उदयसिंह : चाचा, असं कसं? एक्स्चेंजमध्ये दिलाय की तुम्ही. दुकानात शोभेला ठेवलाय मी त्यो.

मौला : शोभेचा न्हाय त्यो. गाणी ऐकायचा हाय.

मुबशिरा : दादा, तुम्हीच सांगा आता अब्बांना. वाढदिवसाला मी हौसेनं नवा घेऊन दिला, तर इचलकरंजीपासून एसटीत मांडीवर घेऊन आलेत, परत करायला.

उदयसिंह : नव्यात वाईट काय हाय पण? खरखर न्हाय, घुरघुर न्हाय...

मौला : काय? तिकडं वळून बोलू नगासा. इकडं तोंड करा.

उदयसिंह : आवाज स्वच्छ हाय म्हटलं!

मौला : लई स्वच्छ. इतका, की त्यात काय उरलंच न्हाय.

मुबशिरा : अब्बा, इतके दिवस मान तर डोलवत होता की!

मौला : तुझं तोंड बघून डोलवत हुतो.

मुबशिरा : म्हणजे?

मौला : म्हंजे काय? सगळी जिंदगी यंत्रमागावर कापड विणण्यात गेली. त्या खडखडाटात कान ऱ्हातोय व्हय? बारीक आवाज कवाच गेलं. बासरी गेली, बाईमाणसाचा वरचा सूर गेला. जुन्याचं ट्रेबल पार शेवटाला नेलं की तेवढं परत यायचं. ह्या नव्याला ट्रेबलचं बटणच न्हाय. आवाज वाढवला की आपला आपण खाली आणतोय. मी किती ऐकायचं ते ह्ये डबडं ठरवणार?

उदयसिंह : स्पीकर फाटू नये म्हणून सोय हाय ती, चाचा. आणि कानाचं मशीन मिळतंय की आता चांगलं.

मौला : बघितलं लावून, हिला न सांगता. ताटल्या ऐकू येत्यात त्यात. गाणं न्हाय.

मुबशिरा : मला का नाही सांगितलं, अब्बा?

मौला : सांगितलं असतं तर वरडून बोलाय लागली असतीस. वरडणं नको मला घरात. मागाचं लई ऐकलंय.

उदयसिंह : थांबा. काढतो खाली. हितंच जोडून बघू.

(गाणं सुरू होतं.)

मौला : अजून पिळा. अजून! पार शेवटाला!

उदयसिंह : चाचा, कान फाटाय लागलं! बाहेर लोकं थांबल्यात!

मौला : थांबू दे की! आली बघा बासरी. कुठं गेलतीस गं बाई इतकं दिवस?

मुबशिरा : अब्बा... अब्बा!

उदयसिंह : ताई, मागनं कसं ऐकू यील त्यास्नी? समोर जावा.

मुबशिरा : अब्बा, मग मी स्वयंपाकघरातून हाक मारते, ती?

मौला : ती न्हाय येत. म्हणून तर माझी खुर्ची तिकडं तोंड करून असती.