मुलीचं प्रमोशन

प्रमोशनवरून आठवलं. दोन हजार सहा-सात असेल, आम्ही अमेरिकेत फ्रिस्कोत होतो आणि माझी सई सॉकर खेळायची. तिचा कोच तिला कायम मागे, डिफेन्सला ठेवायचा. गोल मारणार दुसऱ्यांची पोरं, हे मला झोंबायचं. शेवटी एका शनिवारी मॅच संपल्यावर त्याला गाठलंच.

म्हटलं, "कोच, आता तिला पुढे खेळवा. प्रमोशन नको का पोरीला?"

तो बॉल पिशवीत भरत होता. म्हणाला, "मीही डिफेंडरच होतो. गोल एकही मारला नाही. तरी दोन देश मागे लागले होते, आमच्याकडून खेळ म्हणून. इथला पासपोर्ट होताच, आईच्या देशानंही दिला."

याला दोन-दोन पासपोर्ट, यार! मला एका देशाचं ग्रीन कार्ड मिळेना.

तेवढ्यात सई संत्र्याची फोड चोखत म्हणाली, "बट बाबा, तूच ऑफिसमध्ये प्रमोशन नको म्हणालास ना?"

कोच माझ्याकडे बघायला लागला. मग सांगावंच लागलं, की पोस्ट बदलली तर ग्रीन कार्डची प्रोसेस पुन्हा पहिल्यापासून करावी लागेल, म्हणून आहे तिथेच थांबलोय.

"म्हणजे तुम्हीही डिफेंडरच," तो म्हणाला आणि पिशवीची दोरी ओढली.