ओल्या गठ्ठ्याची ताकीद

आजच्या समारंभाचे सन्माननीय अध्यक्ष, म्हणजे आपला पुठ्ठा वर्षानुवर्षं नाक मुरडत का होईना, पण घेणारे कागद गिरणीचे मालक, प्रमुख पाहुण्या, बाजारसंकुलाच्या व्यवस्थापिका बाई, व्यासपीठावरचे मान्यवर, सकाळी दुकान उघडण्याआधी आमच्या नावानं ओरडणारे सर्व दुकानदार, निवडशेडमधल्या माझ्या चौदा बहिणी, आणि ज्यांच्यासाठी आपण सगळे आज स्वच्छ कपड्यांत जमलो आहोत त्या निवृत्त होणाऱ्या ताई, आपणा सर्वांना माझा नमस्कार.

सूत्रसंचालकांनी मला दहा मिनिटं दिली आहेत. 'कॉम्पॅक्टर आणि आपली प्रगती' यावर बोला म्हणाले. बोलतो. ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो, कॉम्पॅक्टर म्हणजे कचरा दाबणारं यंत्र. पूर्वी संकुलाच्या मागच्या अंगणातून दिवसाला सहा खेपा कचरा जायचा. अर्धी गाडी कचऱ्याची, अर्धी हवेची. आम्ही हवा वाहून नेत होतो हो! यंत्र आलं आणि सहाची एक खेप झाली. झाली प्रगती. आता ताईंकडे वळतो.

पण त्याआधी उद्घाटनाचा दिवस आठवा. व्यवस्थापिका बाई तेव्हा नव्या होत्या आणि पांढऱ्याशुभ्र कपड्यांत आल्या होत्या. मी हातगाडीवर पुठ्ठा गोळा करत वर आलेला माणूस, पहिलंच मोठं यंत्र घेतलेलं, मग काय विचारता! निवडायचं कशाला, सगळं एकदम टाका म्हटलं. बाईंनी हिरवं बटण दाबलं. आत दोन पोती फळांच्या रसाचे डबे होते. दाराची कडी नीट बसली नव्हती. पुढचं मी सांगत नाही, बाई इथं बसल्या आहेत. हसताहेत, म्हणजे माफ केलं असावं.

त्या दिवशी ताई मला म्हणाल्या, "मालक, यंत्राला पोट आहे, डोळे नाहीत. डोळ्यांचं काम आमच्याकडे राहू द्या."

मी तर निवडशेड बंद करायच्या विचारात होतो. या एका वाक्यावर ती राहिली. आधी निवडायचं, मग दाबायचं. ओला कचरा मोठ्या यंत्रात, कोरडा पुठ्ठा गठ्ठे बांधायच्या यंत्रात. इतकं सोपं. पण उंटावरच्या शहाण्याला खालून कुणीतरी सांगावं लागतं ना?

ताईंचं काम ज्यांनी पाहिलं नाही त्यांनी खरंच काहीतरी घालवलं. गठ्ठा बाहेर आला की त्या त्याच्यावर थाप मारायच्या. कलिंगड विकत घेताना मारतो तशी. कोरडा असेल तर पुढे. आत ओल असेल तर म्हणायच्या, "सोडा याच्या तारा." माझे कान तिखट आहेत असं लोक म्हणतात. गाडी वळणावर असतानाच तिचं काय दुखतंय ते मी सांगतो. पण दोन गठ्ठ्यांच्या आवाजातला फरक मला कधी कळला नाही. मी विचारलं तर म्हणाल्या, "कानानं नाही हो मालक, तळव्यानं ऐकायचं असतं."

आता खरी गोष्ट. गेल्या आठवड्यात मी ताईंकडे गेलो. म्हटलं, "निवृत्त व्हा, पण आठवड्यातून दोन दिवस या, नव्या बायकांना शिकवा. तुमच्यामागे ही थाप कुणाला यायची नाही." त्या शांतपणे म्हणाल्या, "ताकीद मिळालेल्या बाईनं दुसऱ्यांना काय शिकवायचं?"

खालमानेनं परत आलो. कारण ती ताकीद, ताईंच्या सगळ्या नोकरीतली एकुलती एक, माझ्या सहीची आहे. नऊ वर्षांपूर्वीची. तिच्यामुळे त्यांची मुकादमी हुकली. आजचे मुकादम समोर बसले आहेत, भला माणूस आहे, पण तेही सांगतील की काम ते ताईंकडूनच शिकले.

काय झालं होतं? गिरणीनं लागोपाठ दोन गाड्या ओल्या म्हणून परत पाठवल्या होत्या. अध्यक्षसाहेब, आठवतंय? आपण निरोप धाडला होता, "तिसरी गाडी ओली आली तर तुमचा-आमचा संबंध संपला." गिरणी गेली की शेड गेली, शेड गेली की चौदा घरांचं काय, हे सगळ्यांना कळत होतं. तिसरी गाडी जायच्या आदल्या दिवशीची दुपार. बायका चहाला गेलेल्या. शेवटचा गठ्ठा अर्धा भरून यंत्रात थांबलेला. मी तिथं उभा. शेजारी फुलांच्या दुकानाची खोकी पडली होती. वाटलं, आपणही कधीकाळी हातानं काम केलंय, करू मदत. टाकली आत, दाबलं बटण, तार आवळली, हात झटकले. खोक्यांच्या तळाला पाणी असतं हे पाहतोय कोण?

सकाळी गाडी भरली. ताई गठ्ठ्यांवर थापा मारत गेल्या आणि शेवटच्याशी थांबल्या.

"हा उतरवा."

मी म्हटलं, "ताई, वेळ नाही. गिरणी वाट बघतेय."

"बघू दे."

"अहो, एका गठ्ठ्यानं काय होतंय?"

"मालक, संबंध काय गठ्ठे मोजून संपतो?"

मी चिडलो. "गाडी कुणाची आहे?"

"तुमची," त्या म्हणाल्या आणि जाऊन गाडीपुढे बसल्या. "न्या."

गठ्ठा उतरवला. तारा कापल्या. आतून भिजलेली खोकी निघाली, आणि त्यात दोन फुलं, चेपलेली, पण अजून टवटवीत. बायका हसल्या. ताई हसल्या नाहीत. त्यांनी कापलेली तार उचलून तिचा पीळ पाहिला. ताई तार डावीकडे पिळतात, ही उजवीकडे पिळलेली. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि तार खाली ठेवली.

गाडी कोरडी गेली, पण उशिरा गेली. गिरणीनं लेखी विचारलं, उशीर का? मी लिहिलं, "एक गठ्ठा ओला निघाला. यंत्रावरील कर्मचाऱ्यास ताकीद देण्यात आली आहे." यंत्र ताईंकडे होतं, म्हणून ताकीदपत्र त्यांच्या नावानं काढलं. चोर सोडून संन्याशाला फाशी. त्याच दिवशी पत्र्याच्या आडून मी ऐकलं. एकीनं विचारलं, "ताई, कुणी केलं गं हे?" ताई म्हणाल्या, "ज्यानं केलं त्याला ठाऊक आहे." बस. नऊ वर्षं यापलीकडे एक अक्षर नाही. मीही रोज सकाळी विचारत राहिलो, "काय ताई, बरंय ना?"

तर अध्यक्षसाहेब, बाई, मुकादम आणि माझ्या चौदा बहिणींनो, आपल्या साक्षीनं सांगतो, तो गठ्ठा मी भरला होता. ताईंची चूक नव्हती. शेड वाचवली त्यांनी, ठपका ठेवला मी. हे ते ताकीदपत्र, सकाळीच फायलीतून काढून आणलंय. आपल्यासमोर फाडतो...

काय म्हणता ताई? थांबा, जरा शांतता ठेवा, ताई पहिल्या रांगेतून काहीतरी म्हणताहेत.

"फाडू नका"? का हो?

ऐकलंत? त्या म्हणतात, "फाडून काय करता? चांगला कोरडा कागद आहे. टाचणी काढा आणि कागदाच्या ढिगात टाका."

काढली टाचणी. आणि शिकवायचं काय, ताई? सगळ्यांसमोर विचारतोय, नाही म्हणायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

"सोमवारी येते. पण पहिल्या वर्गाला मालकांनी बसायचं. तार पिळायला अजून येत नाही त्यांना."

बसतो ताई, पुढच्या बाकावर बसतो.

माझी दहा मिनिटं केव्हाच संपली, सूत्रसंचालक घड्याळ दाखवून थकले. आपण सर्वांनी वेळ काढून ऐकलंत, त्याबद्दल मनापासून आभार. बोलण्याच्या भरात कुणाचा उल्लेख राहिला असेल, कमी-जास्त शब्द गेला असेल, तर तेवढं पोटात घाला. त्या गठ्ठ्याचं मात्र पोटात घालू नका. नऊ वर्षांनी ते उजेडात आलंय, तिथंच राहू द्या.

नमस्कार.