जिन्यातला दत्त

— नाही नाही, बसा, उठू नका भागूबाई. मी ह्या टोकाला टेकतो. पोलीस ठाण्याचं बाकडं आहे, इथं कसला आलाय साहेब आणि कसलं काय — आणि चहा घ्या, तुमच्यासाठीच आणलाय, गार होतोय. ओळखलंत ना? शामकांत. भिमाजीच्या ऑफिसातला हेडक्लार्क. दिवाळीत तुम्ही दोघं बाजरी घेऊन आला होतात आमच्याकडं, प्रेमलानं तुम्हाला चिवडा बांधून दिला होता — तोच मी. घोडेगावाहून जीपनं आलात? जेवला नसालच, दिसतंय तोंडावरून. काळजी करू नका. मी आताच आत डोकावून आलो. नुसतं बसवून ठेवलंय त्याला, कुणी हात लावलेला नाही. मान खाली घालून बसलाय, कुणाशी बोलत नाही — तेच तर दुखणं आहे ना! दुपारी बारापासून विचारतायत, हा हूं नाही की चूं नाही. तुम्हाला भेटू दिलं ना मघाशी दोन मिनिटं? काय म्हणाला? नाही, सहज विचारतो. म्हणजे कुणाचं नाव बिव घेतलं का? ... ‘आरतीला सांभाळ’ — पोरीचंच नाव, एवढंच? आणखी काही नाही? बरं. बरं, एवढंच ना. घ्या, चहा घ्या.

आता फोनवर तुम्हाला कुणी काय सांगितलं मला माहीत नाही, म्हणून पहिल्यापासून सांगतो. आमच्या ऑफिसचा जिना तुम्ही पाहिलाय. पहिल्या मजल्यावरून दुसऱ्याला जाताना वळण आहे ना, तो कोपरा — काय सांगू, तीस वर्षं तो कोपरा म्हणजे नुसता किळस. येणाराजाणारा तिथं पिंक टाकायचा. ‘येथे थुंकू नये’ अशी पाटी लावली, तर पाटीवरच थुंकले. मग दोन-अडीच वर्षांपूर्वी माझ्याच सुपीक डोक्यातून निघालं — म्हटलं, माणसाला माणसाची लाज नाही, निदान देवाची तरी असेल! गेलो आणि सहा टाइल आणल्या. गणपती, साईबाबा, दत्त, बुद्ध, येशूचा क्रूस आणि ती मक्केच्या काब्याची — सगळे एका मापाचे, एका ओळीत, कुणाची तक्रार नको. बरोबर कोपऱ्यात आला दत्त. आणि दुसऱ्या दिवसापासून कोपरा कोरडा ठणठणीत! मोठ्या साहेबांनी माझा सत्कार केला, शाल दिली, नारळ दिला. मीही त्या भरात माईकवर सांगून टाकलं, आजपासून माझी पान-तंबाखू बंद. टाळ्या पडल्या. भिमाजीनं त्याच दिवशी सोडली. त्यानं खरंच सोडली हो, मी साक्षीदार आहे — कितीदा मी गमतीनं पुडी पुढं केली, तर म्हणायचा, “न्हाई साहेब, त्यो वळनावर हुबा हाय, बगतोय.” — नाही, म्हणजे पुडी माझी नव्हे. कुणाची तरी असायची पडलेली टेबलावर. ऑफिस आहे ते.

तर देव आम्ही ठेवला पहाऱ्याला, आणि बघता बघता तो झाला मालक. आधी कुणी एक फूल वाहिलं. मग उदबत्ती आली. मग उदबत्तीला स्टँड आलं. मग दर गुरुवारी साडेदहाला आरती — लोक फायली घेऊन खाली उभे, आणि आम्ही वर टाळ्या वाजवतोय! मग कुणी म्हणालं, दत्ताचीच का आरती? दुसऱ्यानं त्या काब्याच्या टाइलला कागदी फुलांची माळ आणून अडकवली, तिसऱ्यानं गणपतीला समई. सरकारी कचेरीत हे चालत नाही, मोठ्या साहेबांना काय ठाऊक नव्हतं? पण लावणं सोपं असतं बाई, काढायला छाती लागते. काढणार कोण? ज्याचा हात लागेल तो मेला. माझे वडील आयुष्यभर भिक्षुकी करत होते, चार घरच्या पूजा सांगून आम्हाला मोठं केलं त्यांनी, पण देव्हाऱ्यातला देव त्यांनी कधी उंबऱ्याबाहेर आणला नाही. म्हणायचे, देव घरात आहे तोवर आपला, रस्त्यावर आला की सगळ्यांचा आणि कुणाचाच नाही. तेव्हा मला वाटायचं, म्हातारा जुन्या काळातला आहे.

आणि आज सकाळी — गुरुवारच नेमका! दहा वाजता बायका हार घेऊन चढल्या, तर दत्ताच्या तोंडावर, अगदी मधल्या तोंडावर, हा एवढा लाल ओघळ. किंकाळीच फुटली. दहा मिनिटांत फोटो साऱ्या नगरभर फिरला. अकराला फाटकाशी दोनशे माणूस. मला आधी काही कळेचना, मी आपला टेबल धरून उभा. आणि घोषणा सुरू झाल्यावर कुणीतरी — देव जाणे कोण — खालच्या झेरॉक्सवाल्या चाचांचं नाव घेतलं. पुरावा काय? काही नाही. पान खातात, आणि चाचा आहेत, बस्स. तो म्हातारा वीस वर्षं आमच्या झेरॉक्स काढतोय, आरतीची पत्रकंसुद्धा त्याच्याकडंच काढली होती आम्ही, तीही फुकट! त्यांचं शटर खाली ओढलं, लाथा घालायला लागले शटरवर. आत म्हातारा. आणि मी वरून खिडकीतून बघतोय. बोलायला हवं होतं, कळतंय मला. पण जीभच उचलेना, भागूबाई.

तेव्हा हा तुमचा भिमाजी — हातात खराटा, असाच्या असा गर्दीत घुसला आणि शटरला पाठ लावून उभा राहिला. म्हणाला, “चाचा नव्हतं. मला ठावं हाय, चाचा नव्हतं.” लोक म्हणाले, मग कोण होतं? आणि तिथं हा गप्प. कुणी कॉलर धरली, कुणी मुस्काटात दिली — हो, दिली एकानं, तुमच्यापासून लपवत नाही — पण ह्यानं तोंड उघडलं नाही. ठावं आहे म्हणतोस आणि सांगत नाहीस, म्हणजे तूच! झालं. पोलीस आले म्हणून निभावलं, चाचाही वाचले. पण ह्याला आणून बसवलं. आणि मोठे साहेब मला म्हणाले, शामकांत, टाइल तुम्ही लावल्या, फिर्याद तुम्हीच द्या. मी दिली. काय करणार? नोकरी आहे. अज्ञात इसमाविरुद्ध दिली, हं, भिमाजीचं नाव मी घातलेलं नाही, शपथेवर सांगतो.

हे बघा, आता मुद्द्याचं ऐका. मी ठाण्याच्या साहेबांशी बोललोय, उद्या बंद पुकारलाय ना, त्या संघटनेच्या पोरांशीही बोललोय. मिटतंय. एक कागद लिहून द्यायचा — माझ्या हातून अंधारात चुकून झालं, हेतू नव्हता, देवाची आणि सर्वांची माफी मागतो. खाली सही. उद्याचा बंद मागे, आणि हा संध्याकाळच्या आत तुमच्याबरोबर घरी. कागद मी लिहून आणलाय, हा बघा, अक्षर चांगलं आहे. पण तो हातात धरत नाही. माझ्याकडं बघतसुद्धा नाही. तुम्ही आत जाऊन एकदा सांगा — तुमचं ऐकेल तो.

... असं कसं म्हणता? केलं नाही तर सही कशाला — बरोबर आहे, चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणाल तुम्ही, म्हणा. गावात तोंड कसं दाखवायचं, आरतीची सोयरीक मोडेल, देवावर थुंकणाऱ्याची पोरगी म्हणतील — मला कळत नाही का हे? मलाही पोटची पोरगी आहे. पण लोक विसरतात हो. गरिबाची चूक लोक लवकर विसरतात. मोठ्या माणसाची नाही विसरत. म्हणजे समजा — समजा हं — माझ्यासारख्या माणसाकडून झालं असतं. जानेवारीत माझी निवृत्ती. भिक्षुकाचा मुलगा, सत्काराची शाल, तंबाखू सोडल्याची घोषणा, फिर्यादी मीच! माझ्या घरासमोर काय झालं असतं? प्रेमला गेली बावीस वर्षं गुरुवार करते, निर्जळी. तिनं सकाळी तो फोटो मोबाईलवर पाहिला आणि म्हणाली, “ज्यानं हे केलं त्याची जीभ झडो.” आणि मला दुपारचा डबा दिला हातात. मी तो डबा उघडलेला नाही अजून.

आणि चूक म्हणजे तरी काय हो? काल संध्याकाळी सव्वासहाला लाइट गेलेली, जिन्यात डोळ्यात बोट घातलं तरी दिसत नव्हतं, तीस वर्षांची सवय — पाय वळणावर आला की तोंड आपोआप वळतं कोपऱ्याकडं, डोकं विचार करतच नाही, थुंकून झाल्यावर मग छातीत धस्स — ... काय? मला कसं ठाऊक सव्वासहाला? नाही, मी तर सहालाच निघालो होतो, रजिस्टरला सही आहे, विचारा कुणालाही. लाइट गेल्याचं — लोक बोलत होते सकाळी. अशा बघू नका बाई माझ्याकडं. हे शर्टावर? शाई आहे. लाल शाई. हेडक्लार्कच्या खिशाला लाल शाई असतेच.

आणि भिमाजीला काही दिसलं असेल ना, तर एवढंच दिसलं असेल की कुणीतरी उतरतंय. काळोखात चेहरा कुठला दिसतोय? तो खाली बादली घेऊन पुसत होता. मी रुमाल काढला होता, खरंच काढला होता, दोन पायऱ्या परत वर चढून पुसणारच होतो — तर खालून त्याचा आवाज आला, किती शांत, रोजच्यासारखा — “साहेब, दमानं. पायरी वली हाय.” चेहरा दिसत नाही, नुसती चाहूल, आणि ‘साहेब’ म्हणाला! सहा वर्षं माझ्या चपलांचा आवाज ऐकतोय तो. मी कठडा धरून उतरलो, त्याच्या बाजूनं निघून गेलो, एक शब्द बोललो नाही. त्यानंही विचारलं नाही. सकाळपासून विचारत नाही. आज दोनदा आत गेलो मी, दोन्ही वेळा त्यानं मान खाली घातली — माझी लाज त्याला वाटतेय, भागूबाई! मला वाटलं, एकदा तरी वर बघेल, शिवी देईल, म्हणेल हाच तो. सुटलो असतो. पण —

... मी काय बोललो आता?

नाही. नाही, तुम्ही चुकीचं ऐकलंत. मी समजा म्हणालो होतो, पहिल्यांदा समजा म्हणालो ना मी? तुम्ही थकलात, सकाळपासून पोटात काही नाही, चहासुद्धा घेतला नाहीत, बघा, साय धरली त्याच्यावर. असं करा, तुम्ही जा घरी. जीप मिळेल अजून स्टँडवर. आरती एकटी असेल. जा म्हणतो ना! इथं बसून काय होणार आहे? मी आहे की इथं, मी बघतो सगळं — रडू नका. रडत नाही? मग बोला काहीतरी. मला वाट्टेल ते बोला, जोडा काढा पायातला, पण असं गप्प नका बसू, तो आत गप्प, तुम्ही इथं गप्प, मी मरेन दोघांच्या मधे!

... काय हवालदार? मला बोलावलं? सही झाली? म्हणजे — त्याची? स्वतःहून मागून घेतला कागद? मी लिहिलेला नव्हे, नुसता कोरा कागद घेतला आणि खाली सही केली, वर काय हवं ते लिहा म्हणाला?

झालं. सुटला. ऐकलंत ना, सुटला तो, संध्याकाळी घरी घेऊन जा त्याला — आलो, आलो हवालदार, फिर्यादीची सही राहिलीय, हो, पेन आहे माझ्याकडं. उठतोच. अहो झाडूवाले, दाराची पायरी पुसताय का तुम्ही इथं? पुसा, पुसा. बाई, मी येतो हं आत जाऊन. तुम्ही — तुम्ही उठलात का? आत येताय? नाही, बाजूला सरकून वाट देताय मला. काय म्हणालात? मोठ्यानं बोला, मला नीट ऐकू —

‘साहेब, दमानं. पायरी...’