भारी माणसाची भूक

सिव्हिल लाइन्समधल्या दुष्काळी धान्याच्या रांगेत श्रीपादपंतांच्या पुढच्या सत्यभामाबाई विलायतेहून आलेल्या नव्या काट्यावर चढल्या, आणि कारकुनाने त्यांच्या पदरात ओंजळभर ज्वारी टाकली.

"काल शेरभर होती, भैयाजी. आज एवढीच काहून?"

"आजपासून वजनाप्रमाणे धान्य, बाई. भारी माणसाला भूक जास्त, असा साहेबाचा शोध आहे."

"म्हणून मघाशी तो पाटनचा ढेरपोट्या हलवाई पोतं घेऊन गेला?"

"काटा कोणाचं तोंड पाहत नाही, जी."

"घरी दोन लेकरं निजून आहेत. उठूनच नाही राहिले."

"अच्छा. मग त्यांचं वजन कसं होणार?"

"एवढ्यात मी काय शिजवू?"

"थोडं अंग धरा. सोमवारी पुन्हा वजन होईल, तेव्हा जास्त मिळेल."

पुढची पाळी पंतांची होती. त्यांनी पाण्याचा लोटा तोंडाला लावला आणि रिकामा होईपर्यंत काढला नाही.