धुण्याचा दगड

हॅलो? …हॅलो, कोण? …वन्सं! अहो मीच, चतुरा. मखमलाबादच्या घरात दुसरं कोण उचलणार फोन? …हो, हो, मीच निरोप ठेवला होता तुमच्या सुनेपाशी. ज्योत्स्नाला म्हणलं, झुंबरवन्सं जेवून उठल्या की फोन करायला लाव.

…नाय, तब्येत बरी हाय. …अहो, मशिनीचा आवाज हाय तो. मागं काम चालू हाय. …नाय हो, खोली नाय बांधत. धनराज पल्लवीसाठी टेनिसचं कोर्ट करतोय. जिल्ह्यात नंबर आला ना पोरीचा… नात कुणाची!

…गवतच हाय, पण प्लास्टिकचं. …प्लास्टिकचं, वन्सं! गुंडाळ्या आल्यात, सतरंजीसारख्या. खाली खडी, खडीवर दगडाची भुकटी, रोलर फिरवला, आन आता वरून चिकटवतायत. पाणी नको, खुरपणी नको. …नाय, शेळीसुद्धा तोंड लावायची नाय. आपला जन्म गेला गवत उपटण्यात, आन पोरगा विकत आणून लावतोय. हसा, हसा.

…बरं ऐका ना. हसणं पुरे. फोन कशासाठी करायला लावला… थांबा, दार लोटून घेते.

…हां. वन्सं, एक विचारते. आता सासूबाई नायत, हे पण गेले. तुमच्याशिवाय कुणाला विचारू? …त्याचंच. माझ्या थोरल्याचं. धनराजच्या आधीचा. …हो, तोच. पाचवी पुजायच्या आत गेला तो. मी आत बाजेवर, आन तुम्ही बहीणभाऊ त्याला फडक्यात गुंडाळून मागल्या दारानं घेऊन गेलात. मळ्यातच पुरला, एवढं कानावर आलं. कुठं, ते कुणी सांगितलं नाय.

…सासूबाईंनी शपथ घातली होती, ठाऊक हाय मला. पण मी ओळखलं होतं वन्सं. पेरूखाली. हे तिथं कुणाला कुदळ लावू द्यायचे नाय. त्या झाडाचा एक पेरू तोंडात घातला नाय मी आजवर. दर अवसेला पणती ठेवते. पल्लवी चिडवते मला, आजी, तुझा पेरूतला देव जेवला का?

…तेच सांगते ना! सगळ्या मळ्याचे प्लॉट पडले, एवढा तुकडा राहिला. कोर्टाच्या मापात पेरू जात होता, आन माप म्हणे कमी करता येत नाय. मी आडवीच पडले. म्हणलं, आधी माझ्यावरून न्या मशीन. धनराज बिचारा… कारण नाय विचारलं, सगळं कोर्ट विहिरीकडं सरकवलं. …हो, उभा हाय पेरू. तेच तुम्हाला सांगायचं होतं, आन एकदा तुमच्या तोंडून ऐकायचं होतं. नुसतं हो म्हणा…

…काय?

…पेरूखाली नाय?

…अहो, असं कसं? मग हे कुदळ का लावू देत नव्हते? …मामंजींनी लावलेला म्हणून? एवढंच?

…मग कुठं? …रडू नका वन्सं, बोला. कुठं?

…कुठला दगड?

…माझा? धुण्याचा?

…हो. हो, यांनीच ढकलत आणला होता तो. मी भांडले होते त्याच्यावरून. विहिरीपासून एवढ्या लांब कुणी धुण्याचा दगड टाकतं का, म्हणलं, पाणी वाहून कंबर मोडंल माझी. तर खाली मान घालून दगड बसवत राहिले. …कोल्ह्याकुत्र्यानं उकरू नये म्हणून. …हो. आता कळतंय.

…वन्सं, धनराजची लंगोटं मी त्याच दगडावर धुतली. सगळ्या घराची धुणी. आपटून आपटून धुवायचे हो मी… त्याच्या डोक्यावर.

…नाय, राग नाय. …हाय राग! लय हाय! एवढ्या वर्षांत एकदा कानात सांगायचं होतंत. सासूबाईंना काय वाटलं, जागा कळली तर ही तिथून उठायची नाय? अहो, रोज तिथंच तर बसत होते मी. मला नुसतं ठाऊक पाहिजे होतं.

…नाय. दगड नाय तिथं आता. …मी काढायला लावला. मीच. पेरू वाचावा म्हणून! धनराज म्हणाला होता, आई, इकडं सरकवलं तर तुझा दगड जाईल. म्हणलं जाऊ दे, कपडे धुवायला मशीन हाय घरात, दगडाची काय पूजा करायचीय? …माझ्याच तोंडानं बोलले हो.

…घणानं फोडला. तिथंच भरावात घातला. …नाय, लय नाय खणलं, वीतभर. तुम्ही किती खोल… …कमरेइतकं? नक्की? …म्हणजे हाय तो. हाय तिथंच. दगडाचे तुकडे पण त्याच्यावरच हायेत.

…काय सांगू धनराजला? तुला भाऊ होता म्हणून? त्याला ठाऊकच नाय वन्सं. कुणीच कधी…

थांबा. …काय रे? …सायखेड्याची आत्या. …नाय रे, धूळ गेली डोळ्यात. …कुठली गुंडाळी? विहिरीकडची? शेवटची? …धनराज, थांबव ती. थांबव म्हणते ना. चिकटवू नका अजून, मी आले पणती घेऊन. …नाय रे, पेरूला नाय. …सांगते. तिथं उभी राहून सांगते तुला.

…हो वन्सं, ऐकताय ना? जाते मी. …आता नका रडू. …काय? अहो, तुम्हाला नाय, धनराज बाहेरून ओरडतोय, आई, तिकडं चपला घालून येऊ नको.

…हो रे बाळा, काढते. …ठेवते वन्सं. चपला काढून जायचंय.