उषेचे चाळ

— नाही गं, रागावले कशाला असेन? बस आधी. तिथं नको, त्या खुर्चीचा पाय मोडलाय—हां, कोचावर बस, नि ती पिशवी खाली ठेव बघू. आल्यापासून छातीशी धरून उभी आहेस, चाळ आहेत त्यात, तान्हं मूल नाही. आणि बांधणार नाही असं मी निशीथदाला म्हटलंय का? नाही म्हटलेलं. बघू, म्हटलं. आता कंपनी त्याची, नाच त्यानं बसवलेले, तो सांगेल तसं व्हायचं, पण ही रीत तर त्याच्याही आधीची ना—त्याच्या गुरूची. ज्यानं भूमिका केली त्यानंच पुढच्याच्या पायात चाळ बांधायचे, जमिनीवर बसून, आपल्या हातानं, आणि तोवर पुढच्यानं त्या भूमिकेत लोकांसमोर उभं राहायचं नाही. उषा मी केली, युद्धाच्या आधीपासून केली, म्हणजे बांधायचे तर मीच. कबूल. पण रीत आहे म्हणून आज नि आत्ताच, असं कुठं आहे? हंगाम सुरू व्हायला अजून आठवडा आहे. चहा घे, निवेल.

बाहेर बांगला, खाली तालमीत बांगला, दुकानात हिंदी—जीभ कोरडी पडते बाई. म्हणून तू आलीस की बरं वाटतं मला. तालमीत दीदी म्हणतेस ते ठीक, या खोलीत आपली मावशी म्हण. अडखळलीस तरी चालेल. तुमचं बदलीवाल्यांचं असंच, निम्मं मराठी आधीच्या गावाला राहतं. आम्ही बघ, जन्म इथलाच, बालीगंजबाहेर पाऊल टाकलं नाही, तर अण्णा जेवताना एक बांगला शब्द खपवून घ्यायचे नाहीत. कॉलेजात गणित शिकवायचे. मी नाच शिकायला लागले तेव्हा इथल्या मराठी मंडळातले चार शहाणे आले घरी, म्हणाले, मास्तर, तुमची मुलगी पायात चाळ बांधणार? अण्णा म्हणाले, पायातच ना? मग तुम्ही का डोकं खाजवताय? … हसतेस काय, खरं सांगतेय. ते गेले तरी घरात अजून त्यांचाच धाक आहे.

खाली भिंतीवर जाहिरात लावलीय ती बघितलीस ना? चार बॅले. ‘कालियामर्दन’ नि ‘उषेचं स्वप्न’ हे जुने, ‘गोदी’ नि ‘स्टेशन’ हे नवे. नव्यांची अक्षरं केवढाली! निशीथदा म्हणतो, दीदी, लोकांना आता देवादिकांचा कंटाळा आलाय, त्यांना आजचं हवं. असेल. गोदीत पोरं काय सुंदर नाचतात, नाही म्हणायचं नाही मला—खिदिरपूरला जाऊन जाऊन हमालांची चाल उचलून आणलीय त्यांनी, पाठीवर काही नसताना पोतं दिसतं. पण ‘स्टेशन’? अगं, सियालदाला रोज बघतोच आहोत ना आपण ते, निर्वासितांचे संसार प्लॅटफॉर्मवर मांडलेले, त्यासाठी नाट्यगृहात कशाला जायचं? आणि त्यात मी कोण, तर म्हातारी. पडदा वर जातो तेव्हा बोचक्यावर बसलेली, पडदा पडतो तेव्हाही बोचक्यावरच. मध्ये उठायचं नाही. सगळे नाचतात माझ्याभोवती नि मी बसलेय. मी म्हटलं, निशीथदा, एवढंच असेल तर नुसतं बोचकंच ठेव की, मी कशाला? तर चष्मा पुसत बसला. जाहिरातीत तुझं नाव उषेच्या शेजारी, माझं अगदी शेवटी, ‘आणि’च्या पुढे. असू दे. मीच म्हटलं होतं ना, आता तरुण मुलींना द्या म्हणून. कंटाळा आला होता मला उषेचा. तीच ती बाणासुराची लेक, तिला तेच ते स्वप्न, तोच तो अनिरुद्ध—किती वर्षं स्वप्नात बघायचं एकाच माणसाला?

काय? … गुडघे? कोण म्हणालं गुडघे? गुडघ्यांना काय धाड भरलीय माझ्या! घरी तीन जिने चढते, बाजारची पिशवी हातात घेऊन चढते. त्या पोरी काहीतरी बरळतात नि तू ऐकतेस.

आणि एक सांगू का, लीना, निशीथदानं तुझी निवड केली तेव्हा मी त्याला एकच म्हटलं होतं—पोरगी गुणाची आहे, पण बदलीवाल्याची आहे. तू हिला दोन वर्षं घडवशील, नि एक दिवस कागद येईल, की निघाली ही ट्रंका भरून. त्याला नाही कळत, त्याच्याकडे माणसं जन्मतात त्याच घरात मरतात. आपल्याला कळतं. म्हणून तर गणपतीत मंडळात तुझी आई भेटली तेव्हा विचारलं, काय आशावहिनी, तीन वर्षं होत आली ना इथं, बदलीचं काही? नाही म्हणाल्या. कोजागिरीला परत विचारलं. दिवाळीच्या फराळाला आले तेव्हा तर तुझ्या वडिलांनाच—भालचंद्रराव, म्हटलं, औंदा काही हालचाल? ते म्हणाले, सरकारच्या मनात येईल तेव्हा. तर माझं म्हणणं असं की…

काय म्हणालीस? … कागद आला? कधी? परवा? नागपूरला? आणि हे तू आत्ता सांगतेस मला, चहा पिऊन झाल्यावर? अगं बाई. नागपूर म्हणजे—आणि कधी निघायचंय? या आठवड्यातच? मग तू इथं काय करतेस, आईला बांधाबांध करू लागायची सोडून? चाळ कसले घेऊन आलीस मग? … थांब, थांब, सावकाश बोल, बांगलात बोल हवं तर. तू नाही जाणार? तू राहणार. एकटी? … कुणाकडे म्हणालीस?

माझ्याकडे.

हे आई म्हणाली? आशावहिनी स्वतः म्हणाल्या? ‘कालिंदीताईंना तुझी केवढी काळजी, भेटतील तेव्हा बदलीचं विचारतात, तू जाऊ नयेस म्हणून जीव तुटतो त्यांचा—त्यांच्याकडे असशील तर मला घोर नाही’… असं म्हणाल्या. आणि मी चाळ बांधले तर तू राहायचंस, नाही बांधले तर आईबरोबर गाडीत बसायचंस, असं ठरलंय तुमचं. वा. म्हणजे माझ्यावर टाकलंत सगळं.

काळजी! अगं, तुझी आई भोळी आहे, लीना. काळजी कसली, मी वाट बघत होते. बदलीची. तू जावंस म्हणून विचारत होते मी—गणपतीसमोर उभी राहून, तोंडात मोदक. तू गेलीस की आठवड्यात दुसरी उषा कोण उभी करणार? कुणी नाही. मलाच बोलावणार होते, दीदी, एवढा हंगाम सांभाळून घ्या. आणि मी जरासे आढेवेढे घेऊन हो म्हणणार होते. … झालं, निघालं तोंडातून. अशी बघू नकोस माझ्याकडे. म्हटलं ना, निघालं.

आणि अजूनही काय मोठं करायचंय मला? नाही म्हणायचं, बस. वहिनी, परक्याची तरणी मुलगी, माझं घर ते केवढं, उद्या काही झालं तर तोंड कुणाला दाखवू? कोण नावं ठेवील मला? उलट म्हणतील, कालिंदी शहाणी, योग्य सल्ला दिला. तुझ्या वडिलांना तर सुटल्यासारखं होईल, ते कुठं मनापासून राजी असणार. नागपूरला स्थळं येतील, लग्न होईल, सुखात राहशील—खोटं नाही बोलत, राहशील. इथं काय आहे? सकाळ-संध्याकाळ तालीम, आणि शेवटी ही खोली नि ही मोडकी खुर्ची. मला कुणी विचारलं असतं तुझ्या वयात तर… नाही, तरी मी इथंच राहिले असते. ते सोड.

ऊठ. पिशवी राहू दे तिथंच. आडवी हो इथं जमिनीवर—मळू दे साडी, धुता येते. उषेला जाग येते नि ती उठते, तेवढंच कर. बोल नाहीत, काही नाही, मी बघते नुसती. … हां. घाई नको. आधी मान. तो माणूस अजून खोलीतच कुठंतरी आहे असं वाटतंय तुला, शोध त्याला—आता कंबर, खालूनच उचल, हात जमिनीला लागता कामा नये… हां.

परत कर.

… पुरे. ये, बस. बोलू नकोस जरा.

हेच येत नाही मला. वर्ष झालं. बाकी सगळी उषा येते—कुणी यायच्या आत सकाळी येऊन करते मी ती, एकटी, खालच्या दालनात, तुला माहीत नाही, कुणालाच माहीत नाही. आणि तुझ्यापेक्षा बरी करते, ते ऐकून ठेव, सखी चित्रलेखा चित्रं दाखवते तेव्हाची तुझी नजर अजून कच्ची आहे. पण इथं आले की उजवा हात जातोच खाली. टेकल्याशिवाय उठताच येत नाही. मागच्या हंगामात मी पदर लांब घेतला, वीतभर जास्त, हात झाकायला. टाळ्या पडल्या. पेपरात कुणीतरी लिहिलं, पदराचा नवा विन्यास म्हणून! आणि मी तेही वाचून खूश झाले, बोल. कुणाला कळलं नाही, निशीथदालासुद्धा—

… निशीथदाला कळलंय. अगं बाई, त्याला कळलंय. म्हणून बोचकं. उठायलाच लागू नये म्हणून. म्हणून चष्मा पुसत होता मेला—आणि मी महिनाभर त्याला टाकून बोलतेय, चारचौघांत बोलतेय, नि तो गप्प. असा कसा हा माणूस? एका शब्दानं म्हणाला नाही.

सरक जरा. काढ ते चाळ पिशवीतून. … हात नको, बसायला नाही लागत हात. हं. दे पाय. उजवा आधी. केवढे गार पडलेत गं तुझे पाय! गाठ नेहमी बाहेरच्या अंगाला, आत मारलीस तर दुसऱ्या घोट्यात अडकते. घट्ट वाटतंय? वाटू दे, नाचताना सैल होतात. घरी मागची खोली आहे, अण्णांच्या पुस्तकांनी भरलीय, ती हलवू आपण. आगगाड्यांचा आवाज येतो पहाटे, पहिले चार दिवस झोप लागणार नाही. आईला पत्र मराठीत लिहायचं, मी तपासीन. दुसरा पाय. … रडतेस कशाला, मी रडतेय का? गप. थोबाडीत मारीन हं.

झालं. उभी राहा. … नमस्कार नको आत्ता, नंतर कर, घरी.

खालून हाका मारतायत, ऐक, खोलावर थाप पडलीसुद्धा. जा. निशीथदाला म्हणावं, बांधले. आणि म्हणावं—नाही, ते मी सांगेन. … मी? मी येते मागनं. हात कशाला देतेस? नको. नको म्हटलं ना, लीना. बसते मी जरा इथंच. तू जा, नि दार ओढून घे.